श्वान-पैदाशीचे नियमन : कायदा, अंमलबजावणी आणि ग्राहकाचे कर्तव्य

जातिवंत कुत्रे पाळण्याची हौस आता केवळ मोठ्या शहरांतील बंगल्यांपुरती राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत आणि तालुक्याच्या गावीही लॅब्रॅडॉर, पग, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड ही नावे घरोघर परिचयाची झाली आहेत. हौस वाढली की मागणी वाढते आणि मागणी वाढली की तिच्या पुरवठ्याचा धंदा उभा राहतो. यात मुळात गैर असे काही नाही. शास्त्र समजून घेऊन, प्राण्यांच्या प्रकृतीस जपून श्वान-पैदास करणारी मंडळी आपल्या राज्यात पूर्वीपासून आहेत. दख्खनच्या पठारावर शिकारीसाठी आणि राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कारवान कुत्रा हा अशाच जाणत्या जोपासनेचा परिपाक होय.

तथापि या व्यवसायाची दुसरी एक बाजू आहे आणि ती ग्राहकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. विक्रीस आलेले पिल्लू सर्वांना दिसते. त्याला जन्म देणारी कुत्री कोणालाही दिसत नाही. ती कोठे राहते, तिला काय खावयास मिळते, ती वर्षातून किती वेळा विते आणि वेत थांबले म्हणजे तिचे पुढे काय होते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. श्वान-पैदाशीच्या नियमनाचा सारा प्रश्न या न दिसणाऱ्या कुत्रीभोवती फिरतो. कायदा तिच्यासाठी आहे. परंतु तिच्यापर्यंत पोहोचणे हेच कायद्याला सर्वांत अवघड जाते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पिल्लांची गिरणी

अमेरिकेत अशा बेफाम पैदाशीच्या जागेला ‘पपी मिल’, म्हणजे पिल्लांची गिरणी, असे नाव पडले आहे. नाव बोलके आहे. गिरणीत यंत्र जितके अधिक चालेल तितका नफा अधिक. येथे यंत्राच्या जागी कुत्री असते, एवढाच फरक. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी विते. पिल्लांना पाजून तिच्या शरीराची जी झीज होते ती भरून येण्यास विश्रांतीचा काळ आवश्यक असतो. गिरणीत तो काळ म्हणजे नुकसान समजला जातो. प्रत्येक माजाला तिला गाभण ठेवले जाते. ती पिंजऱ्यातच खाते, तेथेच मलमूत्र विसर्जन करते व तेथेच विते. पिंजऱ्याचा तळ साफ करण्याचे श्रम वाचावेत म्हणून तो पुष्कळदा जाळीचा असतो आणि त्या जाळीवर उभे राहून तिचे पंजे जखमी होतात. चालण्याफिरण्याअभावी स्नायू दुबळे होतात, नखे वाढून आत वळतात, दात किडतात. पाचसहा वर्षांत ती निकामी ठरते आणि मग पुष्कळदा तिला रात्रीच्या वेळी एखाद्या दूरच्या रस्त्यावर सोडून देण्यात येते.

आपल्याकडे हा प्रकार नेहमी मोठ्या कारखान्याच्या स्वरूपात दिसेल असे नाही. इमारतीच्या गच्चीवर, वाहनतळाच्या कोपऱ्यात किंवा बंद खोलीत चारसहा पिंजरे ठेवूनही तो चालविता येतो. संख्या लहान असली म्हणून क्लेश लहान होत नाही. उलट जागा घरगुती असल्यामुळे ती लपविणे अधिक सोपे जाते.

हानी केवळ कुत्रीची नाही

या व्यवसायाचे दुष्परिणाम कुत्रीपुरते मर्यादित राहते तरीही ते निंद्यच ठरते. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. पहिला परिणाम पिल्लावर होतो. जन्मानंतरचा साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या स्वभावाची घडण होण्याचा काळ असतो. आई व भावंडे यांच्या सहवासात खेळता खेळता चावा किती जोराचा असावा, भीती कशाची बाळगावी व कशाची बाळगू नये, हे पिल्लू शिकते. या शिक्षणाच्या आरंभीच, चारपाच आठवड्यांचे असताना त्याला आईपासून तोडले म्हणजे ते भित्रे किंवा चिडखोर होण्याचा संभव वाढतो. अशी कुत्री पुढे घरात नकोशी होतात व शेवटी रस्त्यावर येतात.

दुसरा परिणाम रोगांचा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणुजन्य आजार पिल्लांच्या आतड्यांवर आघात करतो. उलट्या व रक्तमिश्रित हगवण होऊन वेळीच उपचार न झाल्यास पिल्लू दगावते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसू लागण्यास काही दिवस लागतात. त्यामुळे दुकानात खेळताना दिसलेले पिल्लू घरी आणल्यावर आठवड्याच्या आत आजारी पडते, विक्रेता हात वर करतो आणि मुलांच्या डोळ्यांदेखत ते मरण पावते. जवळच्या नात्यातील कुत्र्यांचा वारंवार संकर केल्याने खुब्याच्या सांध्याचे, हृदयाचे व डोळ्यांचे विकार पुढील पिढीत उतरतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत रूपाच्या हव्यासापायी श्वासमार्ग इतका अरुंद झालेला असतो की उन्हाळ्यात साधे चालणेही जनावराला कष्टाचे होते.

तिसरा परिणाम माणसांच्या आरोग्यावर. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतून विकल्या गेलेल्या पिल्लांच्या संपर्कामुळे १८ राज्यांतील ११८ व्यक्तींना कॅम्पिलोबॅक्टर या जंतूची बाधा झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या तपासात आढळले. हे जंतू नेहमीच्या अनेक प्रतिजैविक औषधांना दाद देत नव्हते. पिल्लांना सरसकट औषधे देत राहण्याच्या पद्धतीशी याचा संबंध उघड आहे. रोगट पैदासकेंद्र हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे, हे यावरून लक्षात येईल.

कायद्याची वाटचाल

प्राण्यांवरील क्रौर्यास आळा घालण्याची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था १८७४ साली स्थापन झाली आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ मध्ये सुरू झाले. अखिल देशासाठी १८९० चा कायदा होता; पण तो अपुरा होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेच्या सदस्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या विषयावर खाजगी विधेयक मांडले. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी शासनातर्फे व्यापक कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि त्यातूनच प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अस्तित्वात आला. या अधिनियमान्वये १९६२ मध्ये भारतीय प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले व त्याचे अध्यक्षपद श्रीमती अरुंडेल यांच्याकडे आले. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत समाविष्ट करण्यात आले.

१९६० च्या अधिनियमाचे अकरावे कलम वाचले तर पिल्लांच्या गिरणीत घडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची दखल त्यात आधीच घेतलेली आढळते. हालचाल करण्यास पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास फिरविण्याची व्यवस्था न करणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, उपासमार वा दाटीवाटी यांमुळे पीडित झालेला प्राणी विक्रीस ठेवणे आणि उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हे सर्व त्या कलमाप्रमाणे गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ए. नागराजा प्रकरणातील निकालात भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व रोग, भीती व क्लेश यांपासून मुक्तता आणि आपल्या जातीस स्वाभाविक असे वर्तन करण्याची मुभा, या पाच तत्त्वांचा उल्लेख करून या अधिनियमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला.

तरीही श्वान-पैदास हा व्यवसाय म्हणून कोणाच्याही नोंदणीखाली येत नव्हता. विधी आयोगाने २०१५ मध्ये सादर केलेल्या आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने व श्वान-पैदास यांच्या नियमनाची गरज प्रतिपादन केली. त्यानंतर मे २०१७ मध्ये केंद्र शासनाने श्वान-पैदास व विक्री यांविषयीचे नियम अधिसूचित केले आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र नियम आले.

२०१७ चे नियम काय सांगतात?

या नियमांचा गाभा असा की राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही पैदाशीचा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क असून प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची आहे. ते व्यवसायाच्या जागी सर्वांना दिसेल असे लावावे लागते. अठरा महिने पूर्ण न झालेल्या कुत्रीचा पैदाशीसाठी उपयोग करता येत नाही. पैदाशीपूर्वी कुत्री निरोगी असल्याचे पशुवैद्यकाने प्रमाणित करावयाचे असते. एका कुत्रीपासून तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत आणि आठ वर्षांवरील कुत्रीपासून पैदास करता येत नाही. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकणे निषिद्ध आहे. पिल्लाचे लसीकरण झालेले असले पाहिजे, त्याच्या कातडीखाली ओळख पटविणारी मायक्रोचिप बसविलेली असली पाहिजे आणि प्रत्येक प्राण्याची, वेताची व विक्रीची नोंद ठेवली गेली पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केनेल क्लबचे वंशावळीचे प्रमाणपत्र म्हणजे राज्य मंडळाची नोंदणी नव्हे. वंशावळीचे प्रमाणपत्र पिल्लाचे कुळ सांगते. त्याची आई कोणत्या स्थितीत जगते याविषयी ते काही सांगत नाही. त्याचप्रमाणे महानगरपालिका देते तो कुत्रा पाळण्याचा परवानाही वेगळा. तो पाळणाऱ्यासाठी असतो, पैदास करणाऱ्यासाठी नव्हे.

अंमलबजावणी अडते कोठे?

नियम असे स्पष्ट असताना गिरण्या चालतात कशा? याची कारणे वेगवेगळी असली तरी ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण म्हणजे या गुन्ह्याला फिर्यादी नसतो. चोरी झाली तर मालक फिर्याद देतो. येथे मालक हाच आरोपी असतो आणि पीडित प्राणी मुका. शेजाऱ्यास दुर्गंधी येते, रात्री केकाटणे ऐकू येते. पण तो पुष्कळदा वैर नको म्हणून गप्प राहतो. पिल्लू दगावल्यावर ग्राहकास संशय येतो. परंतु पिल्लू कोणत्या जागी जन्मले हेच त्याला ठाऊक नसते. शिवाय अधिनियमाच्या ३६ व्या कलमाप्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. अधिकृत कार्यालय शोधण्यात, अर्जविनंत्या करण्यात ही मुदत पाहता पाहता निघून जाते.

दुसरे कारण गुन्ह्याच्या वर्गवारीचे आहे. अकराव्या कलमातील प्राण्याची क्रूर हत्या वा अंगच्छेद, प्राण्यांच्या झुंजी अशा मोजक्या गुन्ह्यांखेरीज बाकीचे गुन्हे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यांचा तपास करता येत नाही. कुत्रीला अरुंद पिंजऱ्यात वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे हा असाच अदखलपात्र गुन्हा होय. आदेश मिळेपर्यंत पिंजरे दुसरीकडे हलविण्यास अवधी सापडतो.

तिसरे कारण दंडाचे. अकराव्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यास किमान १० व कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही. अधिनियमान्वये केलेल्या नियमांचा भंग केल्यास १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास. कायदा झाला त्या काळी पन्नास रुपये ही सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठी रक्कम होती. आज एका पिल्लाची किंमत काही हजारांत असताना हा दंड पिल्लाच्या एका दिवसाच्या खाण्याच्या खर्चाइतकाही राहिलेला नाही. पाच हजार रुपये भरून नोंदणी करण्यापेक्षा पन्नास रुपये दंड भरणे स्वस्त पडते, ही विसंगती व्यवसायाचे गणित बिघडवून टाकते. दंडात भरीव वाढ सुचविणाऱ्या सुधारणांचा मसुदा केंद्र शासनाने २०२२ मध्ये जनतेच्या अभिप्रायांसाठी प्रसिद्ध केला, तो याच जाणिवेतून.

चौथे कारण सर्वांत व्यावहारिक आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. छापा यशस्वी झाला असे समजा. तीस कुत्री ताब्यात आली. आता त्यांना ठेवावयाचे कोठे? पोलीस ठाण्यातील मुद्देमाल कपाटात ठेवून कुलूप लावता येते. हा मुद्देमाल सजीव आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ अन्न लागते, औषध लागते, पुष्कळदा त्यातील काही कुत्री गाभण असतात आणि खटला चालू असतानाच वितात. २०१७ मध्येच केलेल्या मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीविषयीच्या नियमांनुसार दंडाधिकारी असे प्राणी पांजरपोळ, प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे सोपवू शकतात आणि देखभालीचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूदही आहे. परंतु आपली पांजरपोळे मुख्यतः गाईगुरांसाठी उभारलेली. तीस आजारी कुत्री एका रात्रीत सामावून घेऊ शकेल असे निवारागृह हाताशी नसेल तर अधिकाऱ्याचे पाऊल छापा घालण्यापूर्वीच अडखळते.

पाचवे कारण मनुष्यबळाचे. पिंजरा ‘पुरेसा’ आहे की नाही, कुत्रीची झीज रोगामुळे की उपासमारीमुळे, हे न्यायालयात टिकेल अशा रीतीने सांगण्यासाठी पशुवैद्यक लागतो. जिल्ह्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यावर लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणापासून कृत्रिम रेतनापर्यंत शेकडो कामांचा भार असतो. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा सारी यंत्रणा त्या कामास जुंपली गेली व ते रास्तच होते. अशा यंत्रणेकडून गच्चीवरील पिंजऱ्यांच्या नियमित तपासणीची अपेक्षा करताना तिच्या हातांची संख्याही मोजली पाहिजे.

शेवटची अडचण काहीशी विपरीत आहे. तपासणी होते ती नोंदणी झालेल्या जागेची. जो प्रामाणिकपणे पुढे येतो, त्याचे दप्तर तपासले जाते व त्रुटी दाखविल्या जातात. जो नोंदणीच करीत नाही, त्याचा पत्ता कोणत्याही नोंदवहीत नसतो. नियमनाचा भार सचोटीच्या पैदासकारावर आणि मोकळीक लबाडावर, असे होऊ लागले तर नियमांचा हेतूच विफल होईल.

परदेशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये पेपर नावाची एका कुटुंबाची पाळलेली डाल्मेशियन कुत्री पळवून प्रयोगशाळेस विकली गेली व तेथे मरण पावली. पुढच्या वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाने कुत्र्यांच्या व्यापाऱ्यांच्या आवारांतील भीषण स्थितीची छायाचित्रे प्रसिद्ध केली. लोकक्षोभ उसळला आणि १९६६ मध्ये संघराज्याचा कायदा झाला. पुढे तो व्यापारी पैदासकारांनाही लागू झाला. कृषिखात्याकडून परवाने व तपासणी अशी व्यवस्था तेथे आहे. तथापि त्या कायद्याखालील किमान मापे पाहिली की आश्चर्य वाटते. कुत्र्याच्या लांबीपेक्षा सहा इंच अधिक लांबी-रुंदीचा आणि डोक्याच्या वर सहा इंच उंचीचा पिंजरा कायदेशीर ठरतो. म्हणजे कायदा पाळूनही गिरणी चालविता येते. २०१० मध्ये त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी सादर केलेल्या अहवालात, वारंवार नियमभंग करणाऱ्यांवरील कारवाई सौम्य असल्याचे व निरीक्षकांनी पुरावा नीट नोंदविलेला नसल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी मिसूरी राज्यात मतदारांनी सार्वमताने कडक नियम स्वीकारले. पण दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने त्यांपैकी महत्त्वाचे निर्बंध काढून टाकले.

यावर तेथील काही राज्यांनी वेगळी वाट काढली. पिंजऱ्यापर्यंत पोहोचता येत नसेल तर बाजाराच्या दाराशी उभे राहावे, अशी ती वाट. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून दुकानदारांना केवळ निवारागृहांतील व प्राणिसंस्थांकडील कुत्रे, मांजरे व ससेच देण्याची मुभा ठेवली. न्यूयॉर्क राज्यातही दुकानांतून कुत्रे, मांजरे व ससे विकण्यावरील बंदी डिसेंबर २०२४ पासून अमलात आली.

ब्रिटनचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. तेथे १९७३ पासून श्वान-पैदाशीसाठी परवाना लागतो. तरीही दूरच्या आवारांतून पिल्ले दलालांमार्फत शहरांत येत. ल्यूसी नावाची कॅव्हेलियर स्पॅनिअल जातीची कुत्री २०१३ मध्ये वेल्समधील अशाच एका आवारातून सोडविण्यात आली. पिंजऱ्यातील कोंडमाऱ्याने तिचा पाठीचा कणा वाकला होता. २०१६ मध्ये ती मरण पावली. तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू झाला. सहा महिन्यांच्या आतील पिल्लू दुकानदार वा दलाल यांनी विकता कामा नये. ग्राहकाने ते थेट पैदासकाराकडून, पिल्लाचा जन्म झालेल्या जागी, आईसह पाहून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. पुढच्या वर्षी प्राण्यांवरील क्रौर्याची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. या नियमाचे मर्म असे की निरीक्षकाचे काम त्याने प्रत्येक ग्राहकाच्या डोळ्यांवर सोपविले.

घाईने काढलेला आदेश टिकत नाही, हा धडा मात्र आपल्याच देशात मिळाला. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री व पैदास थांबविण्याविषयी परिपत्रक काढले. संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. कायदा कठोर असावा, तसाच तो रीतसरही असला पाहिजे.

उपायांची दिशा

वरील अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. दंडाची रक्कम वाढविणे हा संसदेचा विषय आहे आणि ती वाढणे आवश्यक आहे. परंतु तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी असावयास हवी. या सोसायट्या सक्रिय होणे, त्यांच्याकडे जप्त प्राण्यांसाठी निवारा असणे व त्यासाठी स्थानिक संस्थांशी आगाऊ करार झालेले असणे, ही पहिली गरज आहे. निवाऱ्याची सोय आधी आणि छापा नंतर, हा क्रम पाळला तरच कारवाई तडीस जाते. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या संस्थांतील तज्ज्ञांचे साहाय्य पुराव्याच्या कामी घेता येईल. नोंदणीकृत पैदासकारांची यादी नागरिकांना सहज पाहता यावी. अमेरिकेत २०१७ साली तपासणीचे अहवाल संकेतस्थळावरून काढून टाकले गेले तेव्हा तेथील जनतेने ते परत मागितले आणि पुढे कायद्यानेच ते पुन्हा प्रसिद्ध करणे भाग पडले. माहिती उघड असणे हीदेखील एक प्रकारची तपासणीच असते. नोंदणी करणाऱ्यास मार्गदर्शन व सुलभ सेवा मिळाली तर प्रामाणिक पैदासकार आपणहून पुढे येतील आणि न येणारे आपोआप उठून दिसतील.

सर्वांत मोठा वाटा मात्र ग्राहकाचा आहे. आज पिल्लाचा सौदा पुष्कळदा भ्रमणध्वनीवरील एका छायाचित्रावर ठरतो आणि पिल्लू रेल्वे स्थानकाबाहेर किंवा रस्त्याच्या कडेला हाती दिले जाते. पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्याने पुढील पाच गोष्टींचा आग्रह धरावा :

१. राज्य प्राणिकल्याण मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र पाहावे व त्याची मुदत तपासावी.
२. पिल्लू जेथे जन्मले त्या जागी स्वतः जावे व आईला पाहावे. आई दाखविण्यास नकार मिळाला तर तोच आपल्या प्रश्नाचे उत्तर समजावा.
३. आईचे वय व आजवरची वेते विचारावीत.
४. आठ आठवडे पूर्ण झाल्याविना पिल्लू घेऊ नये. पशुवैद्यकाच्या सहीची लसीकरण-पत्रिका व मायक्रोचिपचा क्रमांक घ्यावा.
५. पैदासकाराच्या नावपत्त्याची रीतसर पावती घ्यावी. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

आजारी पिल्लू दिसले की ‘निदान याला तरी सोडवू’ म्हणून ते विकत घेण्याचा मोह होतो. हेतू चांगला असतो, परंतु त्या पैशाने रिकामा झालेला पिंजरा पुढच्या वेताने भरतो. अशा वेळी खरेदी न करता जागेचा पत्ता, तारीख व छायाचित्रे यांसह पोलीस ठाणे, जिल्हा सोसायटी किंवा राज्य मंडळ यांच्याकडे तत्काळ लेखी तक्रार करावी. तीन महिन्यांची मुदत ध्यानात ठेवावी. आणि कुत्रा पाळावयाचाच असेल तर निवारागृहांत वाट पाहणारी, तसेच आपल्या हवेस मानवणारी देशी कुत्री आहेत, याचाही विचार व्हावा.

बंद दारामागील कुत्रीपर्यंत निरीक्षक पोहोचण्यास कायद्याची पुष्कळ वळणे पार करावी लागतात. ग्राहकाला मात्र तेथे पोहोचण्यास एकच वाक्य पुरेसे असते : ‘पिल्लू नंतर पाहू, आधी त्याची आई दाखवा.’ हे वाक्य जितक्या घरांतून उच्चारले जाईल तितका या गिरण्यांचा बाजार आटेल आणि सचोटीने हा व्यवसाय करणाऱ्यांना त्यांचा योग्य मान मिळेल.